कापलेल्या चेसिसविषयी

कोलंबस, ओहायो

प्रिय अजित,
सप्रेम नमस्कार.

रविवारी दुपारी मी यामाहा मोटरसायकलची चेसिस कापली. येथे ज्याला सांगेन त्याला ती एक धडधाकट, चालू गाडी मोडल्याची बातमी वाटेल. तुला वाटणार नाही, म्हणून इतक्या महिन्यांनी तुलाच लिहितो आहे. प्रकृती उत्तम आहे, गुडघाही आता दुखत नाही.

गाडी 1978 सालची एक्सएस 650. केनी रॉबर्ट्सने 1973 आणि 1974 साली अमेरिकेची ग्रँड नॅशनल स्पर्धा जिच्यावर जिंकली त्या यामाहाचे इंजिन याच घराण्यातले, हे मी पहिल्यांदा तुझ्याच तोंडून ऐकले, राजदूत 350 च्या टाकीवर पालथे पडून तू कार्ब्युरेटर जुळवत होतास तेव्हा. चॉपरसाठी, म्हणजे मूळ चेसिस कापून नव्याने घडवलेल्या गाडीसाठी, येथील लोक हीच गाडी का धरतात ते उघडल्यावर कळते. 653 सीसीचे उभे जोड-सिलिंडर, दोन्ही पिस्टन एकदमच वर येतात, हवेवर थंड होणारे इंजिन, त्यामुळे लपवावे असे काहीच नाही. अल्टरनेटरचा रोटर तेवढा या गाडीचे जुने दुखणे आहे. तो काढून कायमचुंबकाचा अल्टरनेटर बसवणार आहे.

आता मुख्य गोष्ट. स्विंगआर्म आणि शॉकअप काढून मागे ताठ हार्डटेल, म्हणजे स्प्रिंग नसलेला सांगाडा, जोडायची आहे, चार इंच लांब आणि दोन इंच खाली. इंजिनाच्या वरचा आणि खालचा पाइप कापला, आत घट्ट बसणारे पाइपचे तुकडे सरकवले, बाहेरच्या पाइपला भोके पाडली. आधी त्या भोकांतून आतला तुकडा वेल्ड करायचा आणि मग सांध्याभोवती पूर्ण रन मारायचा, म्हणजे सगळा भार एकट्या शिवणीवर येत नाही. सध्या फक्त टाके मारून गाडी जिगवर उभी आहे. वेल्डिंगची मला चिंता नाही, तो हात तू उद्यमनगरात घडवला आहेस. चिंता पुढच्या टोकाची आहे, आणि तुझा हात ग्राइंडरकडे जाण्याआधी पुढचे सगळे वाचून घे.

मूळ गाडीचा पुढचे चाक धरणारा काटा उभ्या रेषेपासून सुमारे 27 अंशांत कललेला आहे. चाकाची त्रिज्या 340 मिलिमीटर आणि काटा धरणाऱ्या क्लॅम्पचा ऑफसेट 50 धरला तर ट्रेल, म्हणजे काटा ज्या रेषेवर वळतो ती जमिनीला भिडते तेथून चाक टेकते तेथपर्यंतचे अंतर, 117 मिलिमीटरच्या आसपास येते. स्टीअरिंग हेड, म्हणजे काटा जिच्यात फिरतो ती चेसिसची नळी, कापून तोच कोन 35 केला की ट्रेल 177 होते. सरळ रस्त्यावर गाडी रुळावर असल्यासारखी जाईल, पण सिग्नलला वळताना चाक आपल्या वजनाने एका बाजूला पडेल आणि हँडल सावरता सावरता खांदे भरून येतील. तिरके क्लॅम्प लावले तर उलटे होते: काटा लांब पुढे दिसतो, ट्रेल मात्र घटते आणि वेगात हँडल थरथरू लागते. दुसरा प्रकार मला जास्त भयंकर वाटतो, कारण गाडी उभी असताना तो डोळ्यांना अतिशय सुंदर दिसतो.

म्हणून मी हेडला हात लावणार नाही. मागचा भाग दोन इंच खाली बसला की सगळी चेसिसच मागे कलते आणि एवढ्या व्हीलबेसला त्यातूनच जवळपास दोन अंश मिळतात. पुढे 21 इंची चाक आणि थोडा लांब काटा घातला की आणखी थोडे. शिवाय चेसिसचा क्रमांक हेडवरच कोरलेला आहे, तो इंजिनावरच्या क्रमांकाशी जुळतो आणि गाडीच्या कागदावरही तोच आहे. तुमच्याकडे गाडीत मूळ रचनेबाहेरचे बदल रोखणारे मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आणि 2019 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल असल्यामुळे यातले काहीच करता येणार नाही; येथे करता येते, म्हणून तर तो क्रमांक मला जपायचा आहे.

तू म्हणशील, काटा लांब नसेल तर त्याला चॉपर म्हणायचे कशाला. हेच तू माझ्या राजदूतचे हेड कापायला निघालास तेव्हा म्हणाला होतास. मी किल्ली दिली नाही आणि अख्खा पावसाळा तू माझ्याशी बोलला नाहीस. मी आजही किल्ली देणार नाही. पण माझी आकडेमोड चुकली असेल तर ती तुलाच दिसेल. चॉपर माझे पहिले आहे आणि त्यावर मागे मनीषा बसणार आहे.

नवे सीएनसी बसले का? कर्जाचे काय झाले? चिन्मयची बारावी पार पडली असेल, त्याला आशीर्वाद, वहिनींना नमस्कार.

सोबत जिगचे फोटो आणि मापांचा कागद पाठवतो आहे. वरच्या पाइपच्या सांध्यात आतला तुकडा किती लांब ठेवावा, मी पाइपच्या व्यासाच्या तिप्पट धरला आहे, आणि हेड न कापण्याबद्दल तुझे काय म्हणणे, एवढे शनिवारच्या आत कळव. शनिवारी टिग वेल्डिंगच्या गॅसची बाटली भरून येते आहे.

तुझा,
मिलिंद