बाबांची दाढ काढण्याआधी

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

बाबा, दाढ काढायचं ठरलं हे आईकडून कळलं. तुमच्याशी बोलले तेव्हा तुम्ही "काय घाई आहे, गोळीने राहतंय की" म्हणालात आणि विषयच बदललात. घाई आहे, बाबा. पू धरलेली दाढ गोळीने शांत होते, बरी होत नाही. संसर्ग मुळाशी तसाच राहतो आणि पुन्हा उसळतो. एक्स-रे बघून डॉक्टरांनी सांगितलंय ना, मुळाभोवतीचं हाड झिजलंय, रूट कॅनाल करून उपयोग नाही? मग ती काढणंच योग्य. पण तिथे नेमकं काय करतात आणि घरी आल्यावर काय जपायचं, हे आधी माहीत असलं की निम्मी धास्ती जाते. फोनवर सांगायला गेले तर अर्धं राहून जाईल, म्हणून लिहिते आहे. सावकाश वाचा आणि आईलाही वाचून दाखवा.

सगळ्यात आधी गोळ्यांचं, कारण मला खरी काळजी तीच आहे. स्टेंट टाकल्यापासून तुम्ही रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या घेता, अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल. दात काढायच्या आधी चार-पाच दिवस त्या बंद ठेवा, नाहीतर रक्त थांबणार नाही, असं आईला कुणीतरी सांगितलंय म्हणे. कृपा करून स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नका. दाढेच्या जागेतून रक्त जरा जास्त वेळ येईल, पण ते डोळ्यांसमोर असतं. बोळा दाबून, टाका घालून, खळग्यात रक्त गोठवणारा स्पंज ठेवून ते थांबवता येतं. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर मात्र सरळ हार्ट अटॅक. या दोन संकटांची बरोबरीच होऊ शकत नाही, आणि म्हणूनच साधी दाढ काढताना या गोळ्या सहसा चालूच ठेवतात. काही बदल करायचाच असेल तर दातांचे डॉक्टर तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून ठरवतील. वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवणारी वेगळी गोळी घेणाऱ्यांना आधी आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याची, रक्ततपासणी करावी लागते. तुमची ती गोळी नाही, त्यामुळे तो प्रश्न नाही.

तिथे गेल्यावर "ब्लडप्रेशरची एक आहे, साखरेची एक आहे" असं मोघम सांगू नका. सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घाला आणि ती पिशवीच त्यांच्यासमोर ठेवा. स्टेंट कधी टाकला, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे, हे त्यांनी विचारलं नाही तरी आपण सांगायचं. आणि उपाशी जाऊ नका. फक्त जागेवर भूल देऊन दाढ काढायची असेल तर पोट रिकामं ठेवावं लागत नाही. उलट साखरेची गोळी घेऊन उपाशी राहिलात तर साखर उतरून खुर्चीतच घेरी यायची. नेहमीसारखं खाऊन, नेहमीच्या गोळ्या घेऊन, सकाळची वेळ घेऊन जा. सकाळची अशासाठी, की काही शंका आली, रक्त थांबेनासं झालं, तर डॉक्टर दिवसभर हाताशी असतात. रात्री धावपळ करायची वेळ येत नाही. तिथे आधी रक्तदाब मोजतील. वरचा आकडा 180 च्या किंवा खालचा 110 च्या पुढे असेल तर बहुतेक डॉक्टर त्या दिवशी दात काढत नाहीत, पुढची तारीख देतात. तसं झालं तर चिडू नका, ते तुमच्या भल्याचंच आहे.

आता खुर्चीतलं. भुलेचं इंजेक्शन हिरडीत देतात, ते टोचतं आणि मग थोडं भरून आल्यासारखं वाटतं. दुखणं म्हणावं असं एवढंच. भुलेच्या औषधात बहुधा थोडं अ‍ॅड्रेनलिन मिसळलेलं असतं, त्यामुळे क्षणभर छाती धडधडू शकते. ती आपोआप ओसरते, हृदयाला काही झालं असं समजून घाबरू नका, पण वाटलं तर त्यांना लगेच सांगा. चार-पाच मिनिटांत ओठ आणि जिभेची कड जड होते. डॉक्टर टोकदार काडीसारख्या अवजाराने हिरडी टोचून बघतील आणि विचारतील. तेव्हा खरं सांगायचं. दुखत असेल तर दुखतंय म्हणा, आणखी भूल देतात. सहन करून दाखवण्यात काही अर्थ नाही.

भूल चढली तरी दाब कळतो. दुखणं नेणारे धागे भुलेने गप्प होतात, दाबाची जाणीव मात्र बरीचशी शिल्लक राहते. माझी अक्कलदाढ काढली तेव्हा मला याचीच कल्पना नव्हती. डॉक्टर जबड्यावर जोर देतायत हे जाणवत होतं आणि मी दुखेल दुखेल म्हणून हाताच्या मुठी आवळून बसले होते. दुखलं काहीच नाही. दाढ हाडात चिकटलेली नसते, बारीक तंतूंनी खोबणीत धरून ठेवलेली असते. ते तंतू सैल करायचे, खोबण जरा रुंद करायची आणि मग चिमट्याने हळूहळू हलवत दाढ बाहेर काढायची, असं ते काम आहे. नुसतं ओढून उपटणं नव्हे. मध्येच कडकड असा आवाज येतो. तो कवटीच्या हाडातून थेट कानात पोचतो म्हणून केवढा तरी मोठा वाटतो, शेजारी उभ्या असलेल्या माणसाला तो जेमतेम ऐकू जातो. जबडा मोडला असं वाटून दचकू नका. वयाबरोबर हाड घट्ट होतं, त्यामुळे तरुण माणसापेक्षा तुम्हाला थोडा जास्त वेळ लागू शकतो. मुळं वाकडी असली तर ड्रिलने दाढेचे दोन तुकडे करून एकेक मूळ वेगळं काढतात. ऐकायला भयंकर आहे, पण त्याने हाडाला उलट कमी इजा होते. दमलात तर डावा हात वर करा. अशी खूण आधीच ठरवून ठेवा, म्हणजे तोंडात अवजारं असताना बोलायची खटपट नको.

वरची दाढ काढली की नजर कमी होते, असं तुम्ही म्हणालात तेही इथेच सांगते. दातांकडे जाणारी नस वेगळी, डोळ्याने दिसण्याची नस वेगळी. भुलेने ओठ-गाल काही तास बधिर होतो तेवढंच, दाढ काढल्याने नजर जात नाही. हे मनातून अगदी काढून टाका.

दाढ निघाली की त्या जागी कापसाचा किंवा गॉजचा बोळा ठेवून दाबून धरायला सांगतात. साधारण पाऊण तास तो दाबूनच धरायचा. थांबलं का बघू म्हणून सारखा काढून बघायचा नाही, कारण प्रत्येक वेळी बोळ्याबरोबर नुकतं गोठलेलं रक्तही उचकटून येतं. त्या खळग्यात रक्ताची जी गुठळी धरते ती गुडघ्यावरच्या खपलीसारखीच आहे. तिच्याखालीच सगळी भर होते. पुढच्या चोवीस तासांतली सगळी पथ्यं फक्त तिला सांभाळण्यासाठी आहेत. थुंकायचं नाही, लाळ गिळायची. चूळ भरायची नाही. स्ट्रॉने प्यायचं नाही. गरम काही नको, कोमट किंवा गार घ्या. जिभेने तिथे चाचपडायचं नाही. हे सगळ्यात अवघड आहे, मला माहीत आहे. बाबा, तुम्ही सिगारेट सोडलीत याचा आता फार मोठा फायदा आहे, कारण ओढणाऱ्यांची गुठळी निखळण्याचा धोका बराच जास्त असतो.

बधिरपणा दोन ते चार तास राहतो. तो जाईपर्यंत काही खायचं नाही, नाहीतर गाल चावला गेलेलाही कळत नाही. भूल उतरायच्या आधीच पॅरासिटामॉल घ्या, म्हणजे ठणका सुरू होईपर्यंत गोळीचा असर आलेला असेल. घरातली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. तुमच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर त्याने पोटात रक्तस्राव होऊ शकतो. मागच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्याही नकोत. अँटिबायोटिक प्रत्येकाला लागतंच असं नाही, लागलं तर ते देतील.

रात्री एक उशी जास्त घ्या आणि त्यावर जुना टॉवेल टाका. पहिला दिवसभर लाळ गुलाबी दिसेल. थोड्याशा रक्तात भरपूर लाळ मिसळली की खूप रक्त वाटतं, आई, घाबरू नकोस. तोंडात गोळेच्या गोळे येत असतील तर नवीन बोळा ओला करून, पिळून त्या जागेवर ठेवायचा, बाबांना ताठ बसवायचं आणि घड्याळ लावून अर्धा तास दाबून धरायला सांगायचं. तरी थांबलं नाही, तर डॉक्टरांना फोन करायचा, सकाळची वाट बघायची नाही.

दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून, जेवणानंतर अलगद गुळण्या. खळखळून नाही, पाणी तोंडात फिरवून सोडून द्यायचं. बाकीचे दात नेहमीसारखे घासा, ती जागा तेवढी टाळा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते आणि मग उतरते, त्यामुळे "वाढत चाललंय" म्हणून घाबरायचं कारण नाही. खळग्यात पांढरट-पिवळसर थर दिसेल. तो पू नसतो, जखम भरतानाचा थर असतो, तो खरवडायचा नाही.

दोन-तीन दिवस बरं वाटून मग एकदम कानापर्यंत जाणारा ठणका लागला, तोंडाला घाण वास आणि चव आली, तर गुठळी निखळून हाड उघडं पडलेलं असतं. याला ड्राय सॉकेट म्हणतात. खालच्या दाढांना हे जास्त होतं. त्यात जिवाला धोका नाही, पण गोळ्या खात घरी बसून राहू नका. जागा धुऊन औषधाची पट्टी ठेवली की काही तासांत आराम पडतो. ताप आला, सूज गळ्याकडे उतरली, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास वाटला, तर मात्र दातांच्या डॉक्टरांची वेळ मिळायची वाट न बघता सरळ हॉस्पिटल.

हिरडी भरून यायला तीन-चार आठवडे लागतात, आतलं हाड भरायला काही महिने. मोकळ्या जागेत दात बसवायचा का, हा प्रश्न तेव्हा बघू. बसवायला हवा असं माझं मत आहे, कारण शेजारचे दात तिकडे कलतात आणि समोरचा खाली उतरतो.

आई, आता तुझ्यासाठी. हाडं ठिसूळ झाली म्हणून तू आठवड्यातून एकदा अ‍ॅलेन्ड्रोनेटची गोळी घेतेस. ती गोळी जबड्याच्या हाडात टिकून राहते, आणि क्वचित कुणाकुणाला दात काढल्यावर ती जखम भरत नाही. गोळी बंद करू नकोस, पण तुझा हलणारा दात दाखवायला जाशील तेव्हा हे पहिल्या वाक्यात सांग. बाबांबरोबर जाते आहेस तर त्याच दिवशी दाखवून घे.

तारीख ठरली की कळवा, मी त्या दिवशी रजा घेते. पिशवीत घातलेल्या सगळ्या पाकिटांचे फोटो काढून आज रात्रीच पाठव आई, मी यादी करून देते. ती डॉक्टरांच्या हातात देता येईल.

तुमची लेक