होडी वाऱ्याने नाही, आखूड साखळीने जाते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवाच्या अंकात नांगर सरकून होडी खडपावर, म्हणजे पाण्यातल्या खडकावर, फुटल्याची बातमी वाचली. कारण काय दिलंय तर "अचानक वारा वाढला". अहो दर्या आहे तो, वारा वाढणारच. पण त्या होडीला साखळी किती होती आणि दोर किती सोडला होता ते बातमीत कुठंच नाही, म्हणून लिहायला बसलो.

माझी चोवीस फुटी फायबरची होडी आहे, आउटबोर्डवाली, म्हणजे मागं बाहेरून मशीन लावलेली. मशीनसाठी कर्ज काढलं, मासे दाखवणारा फिशफाइंडर बसवला, आणि नांगर मात्र वेल्डिंगवाल्याकडून सळया वाकवून घेतलेला चार दातांचा, त्याला साखळी म्हणाल तर जेमतेम दोन हात. तीन वर्षांमागं ऑक्टोबरात देवगडबाहेर रात्री गरीनं मासे धरायला गेलो, ओहोटीला पाच वाव (एक वाव म्हणजे सहा फूट) पाण्यात नांगर टाकला, पंधरा वाव दोर सोडला आणि दोघं आडवे झालो. पहाटे जाग आली तर किनाऱ्यावरचा दिवा होता तिथं नाही! आधी वाटलं झोपेत आहे, मग खडपावर फुटणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकू आला आणि अंगाला घाम फुटला. नशीब मशीन दुसऱ्या झटक्यात चालू झाली. दोर ओढला तर साखळीच्या वरचा हातभर भाग खडपावर घासून केसासारखा पिंजलेला, तीन पिळांतला एकच धड.

नंतर हिशोब केला तेव्हा माझीच लाज वाटली. पाच वाव म्हणजे तीस फूट, वर उधाणाचं सहा-सात फूट पाणी चढणार, नाळेची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासून उंची तीन फूट, झाले चाळीस. याच्या निदान पाचपट दोर-साखळी मिळून सोडायला पाहिजे म्हणजे दोनशे फूट, वारा असेल तर सातपट. मी सोडलेला नव्वद! दोर आखूड पडला की नांगराला वर खेच बसते आणि तो जमिनीतून निघतो, मग तो वीस किलोचा असो नाहीतर चाळीसचा. साखळीचं काम हेच, ती स्वतःच्या वजनानं तळाला पडून राहते आणि नांगराला आडवी खेच देते, शिवाय खडपाला दोर लागू देत नाही. वारा दुप्पट झाला की खेच चौपट होते हेपण ध्यानात ठेवा.

आमचे शेजारी म्हणतात "नांगर जड असलो म्हणजे झाला, साखळेक कित्याक पैसे घालतंस?" त्यांच्याशी वाद घालून उपयोग नाही, मी साखळी घेतलीच. आठ एमएमची गॅल्व्हनाइज, तीस फूट, मीटरला दीड किलोच्या आत-बाहेर, म्हणजे सगळी बारा-तेरा किलो, एका माणसाला हातानं ओढता येते. वर नायलॉनचा दोर, कारण तो ताणतो आणि झटका खातो. ते स्वस्त निळं पॉलीप्रॉपिलीन पाण्यावर तरंगतं आणि मशीनच्या पंख्यात जातं, उन्हानं कुजतं ते वेगळंच. साखळी नांगराला जोडणारी कडी, शेकल, साखळीपेक्षा एक नंबर मोठा, आणि त्याची पिन तारेनं बांधायची, नाहीतर हलून हलून सुटते. भंगारातली साखळी घेणार असाल तर कडी कडीला जिथं घासते तिथं बघा, बाहेरून जाड दिसते आणि आत अर्धी झिजलेली असते.

नांगराचं म्हणाल तर तळ बघून. चिखल-वाळूत रुंद पात्यांचा डॅनफोर्थ चांगला रुततो, खडपात चार दातांचा. मी दोन्ही ठेवतो. खडपात टाकताना नांगराच्या बुडाला वेगळी बारीक दोरी बांधून वर तरंगता बोया सोडतो, अडकला तर त्या दोरीनं उलटा ओढायचा. विजयदुर्गजवळ समुद्रतळाशी जुने दगडी नांगर सापडलेत, ते पूर्वीच्यांचे तिथंच अडकून राहिले असतील असं मला आपलं वाटतं.

आणि नांगर टाकल्यावर लगेच जेवायला बसू नका. मशीन हळू रिव्हर्सला टाकून दोर ताणून बघा, किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरा, रेषा मोडली की समजायचं नांगर चालला.

जाता जाता एक विनंती. तुमच्या पेपरात भरती-ओहोटीच्या नुसत्या वेळा येतात, त्यांच्या शेजारी पाणी किती मीटर चढणार तो आकडापण छापा, दोर किती सोडायचा ते आम्ही त्याच्यावरच ठरवतो.

आपला,
एक होडीवाला, देवगड