दिवेवाली रविवर्म्याची नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला ‘मोनालिसा’च्या चोरीवरचा लेख आवडला. १९११च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातून ते चित्र पळवणारा विन्चेन्झो पेरुजा चित्रांना काचा बसवायच्या कामावर होता, म्हणजे आमच्याच धंद्यातला! माझे सोलापुरात फ्रेमचे दुकान आहे, त्यामुळे लेखातल्या तेवढ्या भागावर आमच्याकडे बराच हशा पिकला. चित्रातली लिसा फ्लॉरेन्सच्या रेशीम व्यापाऱ्याची बायको. आपल्या हिशेबाने कापडवाल्या चाटी गल्लीतल्या शेटजींच्या घरची. तेही लेखात आले असते तर सोलापूरकरांना ती जास्त जवळची वाटली असती.

पण पत्राचे कारण वेगळे आहे. गेल्या दिवाळीत आपल्याच पुरवणीत पहिल्या पानावर एक चित्र होते: नऊवारीतली तरुणी, एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा ज्योतीला आडोसा. खाली छापले होते, ‘राजा रविवर्मा यांचे प्रसिद्ध चित्र’. हे चित्र रविवर्म्याचे नाही. ते सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे आहे. हळदणकर मूळचे सावंतवाडीचे, शिकले मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत. हे चित्र त्यांनी १९४५-४६च्या सुमारास काढले. रविवर्मा १९०६ साली वारले. आता चाळीस वर्षांनंतरचे चित्र त्यांनी कधी काढले असेल, हे आपणच सांगा.

दोष एकट्या आपल्या पेपरचा नाही. दसरा झाला की गिऱ्हाईक येते आणि म्हणते, “ती रविवर्म्याची दिवेवाली आहे का? वास्तुशांतीला द्यायची आहे.” मी नाव दुरुस्त केले तर पाहुणे ऐकून घेतात आणि जाताना पुन्हा “रविवर्म्याची नीट गुंडाळून द्या हं” म्हणतात. लोकांचेही समजू शकतो. रविवर्म्याने १८९४मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला, आणि त्याच्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोचल्या. तेव्हापासून जुन्या वळणाची, साडीतली, सुंदर बाई भिंतीवर दिसली की तिच्यावर त्याचेच नाव चिकटते. हळदणकरांच्या वाट्याला मात्र त्यांचे स्वतःचे चित्रही येत नाही.

या चित्रामागची गोष्ट तर चोरीच्या गोष्टीपेक्षा मला सरस वाटते. ती तरुणी म्हणजे हळदणकरांची मुलगी गीता. दिवाळीत तिला साडीत पाहून वडिलांनी तिच्या हाती दिवा दिला आणि जवळजवळ तीन तास उभे केले. दिवा धरून तीन तास म्हणजे काय, हे एकदा दहा मिनिटे करून पाहावे. चित्र जलरंगातले आहे, हे तर फारच थोड्यांना माहीत असते. तैलरंगात चुकले तर वरून रंग चढवता येतो. जलरंगात उजेड म्हणजे मुख्यतः रंग न लावता राखलेला कागद. तो एकदा काळवंडला की परत आणणे महाकठीण. असे असून ज्योतीच्या उजेडात तिची बोटे आतून लालसर झाल्यासारखी दिसतात. फ्रेमवाल्याच्या डोळ्यांनी सांगतो: जलरंगाला काच लागतेच, आणि कागद काचेला टेकू नये म्हणून मध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, द्यावा लागतो. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. त्या गीताबाई उपळेकर पुढे कोल्हापूरला राहिल्या आणि २०१८ साली, वयाच्या १०२व्या वर्षी गेल्या. म्हणजे इतकी वर्षे ही ‘दिवेवाली’ आपल्याच महाराष्ट्रात हयात होती, आणि आपण तिला रविवर्म्याची कुणी अनामिक बाई समजत होतो.

दुसरी गोष्ट तर आपल्या जिल्ह्यातलीच. चित्रकार मकबूल फिदा हुसेन १९१५ साली पंढरपुरात जन्मले. ते जेमतेम दीड वर्षाचे असताना आई गेली. तिचा चेहरा त्यांना आठवत नव्हता. पुढे त्यांनी मदर तेरेसांची चित्रे काढली, त्यांत निळ्या काठाची साडी आहे, मांडीवर मूल आहे, पण चेहरा कोराच. या दोन गोष्टी जोडून पाहिल्या की त्या चित्रांसमोर बोलणे सुचत नाही. त्यांच्या काही चित्रांवरून झालेला वाद मला ठाऊक आहे, त्यात मी पडत नाही. ज्याला राग आहे त्याने तो ठेवावा, पण जन्मगाव तर बदलत नाही ना.

त्यांचे १९५४चे ‘ग्राम यात्रा’ मार्च २०२५मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटी रुपयांना गेले, तेव्हा सगळ्या पेपरांनी आकडा मोठ्या टायपात छापला. पण ते दिल्लीत विकत घेतले होते जागतिक आरोग्य संघटनेच्या कामासाठी आलेल्या लिऑन व्होलोदार्स्की नावाच्या डॉक्टरने. त्याने ते ऑस्लोच्या रुग्णालयाला दिले, आणि चौदा फुटांच्या आसपास रुंदीचे ते चित्र कित्येक वर्षे तिथल्या एका कॉरिडॉरमध्ये लटकत होते. मला त्या ११८ कोटींपेक्षा हा कॉरिडॉर जास्त आवडला.

तेव्हा विनंती अशी की, चित्र छापताना त्याखाली चित्रकाराचे नाव, साल, माध्यम आणि मूळ चित्र कुठे आहे एवढे द्यावे. एका ओळीचे काम आहे. व्हॉट्सॲपवरचे फॉरवर्ड पाहून नाव टाकू नये, तिथे तर प्रत्येक जुन्या चित्रावर एक करुण कहाणी आणि एक अवाढव्य किंमत चिकटवलेली असते. आणि आषाढीच्या विशेष पुरवणीत पंढरपूरच्या या मुलाला अर्धे पान जमले तर पाहावे.

दिवाळीच्या प्रिंटांची मागणी सुरू व्हायच्या आत हे पत्र छापलेत तर फारच बरे. कात्रण काचेत बसवून गल्ल्याच्या वर लावीन म्हणतो, माझे बोलणे तरी वाचेल.

आपला,
एक फ्रेमवाला, नवी पेठ, सोलापूर