कागदी टोपी : रविवारी पंचवटीत येण्याआधी

सभासदहो, टोपीचं मॉडेल ब्लेंडरमध्ये (संगणकावर त्रिमितीय आकार बनवायचं सॉफ्टवेअर) घरूनच तयार करून आणा.

कपाळावरून डोक्याचा घेर मोजा आणि त्यात दीड सेंटीमीटर मिळवा. ५६ चं डोकं असेल तर ५७.५, बारा बाजूंची टोपी केली तर प्रत्येक पट्टी सुमारे ४.८ सेंटीमीटर. ब्लेंडरमध्ये चौकोनी पृष्ठ सपाट नसेल तर त्याचे त्रिकोण करा. कागद एकाच वेळी दोन दिशांना वाकत नाही, तो चुरगळतो.

छापताना स्केल १०० टक्केच ठेवा. 'पानात बसवा' हा पर्याय चालू राहिला आणि छपाई ९६ टक्क्यांवर गेली, की ५७.५ चा घेर ५५.२ होतो आणि टोपी डोक्यात शिरत नाही. सर्वाधिक टोप्या इथेच वाया जातात, म्हणून छापलेली एक पट्टी मोजूनच कात्री लावा.

कागद २०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचा). घडीच्या रेषेवर शाई संपलेलं बॉलपेन मोजपट्टी लावून फिरवा. नुसत्या बोटाने मोडलेली घडी फाटू शकते. फेव्हिकॉल काडीने, अगदी पातळ. जाड थर लावला की कागद फुगतो, आणि नाशिकच्या पावसाळी हवेत लवकर वाळतही नाही.

काठाचे चार तुकडे शेवटी चिकटवा. कटिंग मॅट आणि मोजपट्टी सोबत आणा.