प्रत्येक घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सक्तीचा करा: गृहनिर्माणमंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहनिर्माणमंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

मी परिचारिका होते. नोकरीची बरीचशी वर्षे अपघात विभागात गेली. आज हे पत्र लिहिते आहे ते तिथल्या एका रात्रीमुळे.

आई, वडील आणि मुलगा, तिघेही डोके धरून आले. मळमळ, उलट्या, अंगात त्राण नाही. खाण्यात काहीतरी आले असेल, असे त्यांनीच सांगितले आणि आम्हीही तेच धरून चाललो. मुलाच्या बोटाला ऑक्सिमीटर मी स्वतः लावला. आकडा 98. मी आईला म्हणाले, "प्राणवायू उत्तम आहे, घाबरू नका." सलाईन लावले, उलटीचे औषध दिले. पहाटेपर्यंत तिघांनाही बरे वाटले आणि ते घरी गेले.

दोन दिवसांनी तेच कुटुंब रुग्णवाहिकेतून आले. मुलगा शुद्धीवर नव्हता. त्यांच्या गॅस गिझरचा धूर बाहेर नेणारा पाइप सांध्यातून निसटला होता, हे मागाहून कळले. पहिल्या रात्री त्यांना बरे वाटले होते ते आमच्या औषधाने नव्हे, घराबाहेर पडल्यामुळे. आणि आम्ही त्यांना परत त्याच घरात पाठवले होते. मुलगा वाचला. पण काही आठवड्यांनी त्याला रोजचे, साधे शब्द आठवेनासे झाले. अर्धवट जळलेल्या गॅसमधून तयार झालेला कार्बन मोनॉक्साइड वायू घरात साचला होता, आणि त्याच्या विषबाधेत असे उशिरा उमटणारे परिणाम होतात.

मंत्रिमहोदय, त्या 98 आकड्याबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण माझी मागणी त्यातूनच आली आहे. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा कार्बन मोनॉक्साइडला 200 पटींहून अधिक घट्ट धरून ठेवते. एकदा ती जागा या वायूने बळकावली की प्राणवायूला तिथे थारा उरत नाही. बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरला मात्र या दोहोंतला फरक कळत नाही. तो दोन्ही एकत्रच मोजतो आणि सगळे आलबेल असल्याचा आकडा दाखवतो. खरे चित्र रक्ताच्या वेगळ्या तपासणीतच दिसते, आणि ती तपासणी आधी कुणाला तरी सुचावी लागते. रुग्णालयात, प्रशिक्षित माणसांच्या हातात, उपकरण असूनही आम्ही चुकलो. मग झोपेतल्या माणसाने स्वतःच्या घरात हे ओळखावे कसे?

आपल्या खात्याकडून याला नेहमी एकच उत्तर मिळते: जनजागृती. पत्रके वाटा, खिडकी उघडी ठेवायला सांगा. खिडकी उघडी ठेवावीच, त्याबद्दल वाद नाही. पण हे विष पहिला घाला घालते तेच मेंदूवर. माणूस गोंधळतो, त्याचे पाय लटपटतात, उठून दार उघडावे हेच त्याला उमगत नाही. झोपलेल्याला तर जागही येत नाही. जी शुद्ध आधी हरपते, तिच्याच भरवशावर आपण माणसाचा जीव सोडतो आहोत. शिवाय एक गैरसमज घरोघर आहे: गॅसचा वास आला नाही म्हणजे धोका नाही. तो वास मुद्दाम मिसळलेला असतो आणि न जळलेला गॅस गळला तरच येतो. बर्नरपाशी हवा अपुरी पडून गॅस अर्धवट जळाला की वासाचे द्रव्यही जळून जाते आणि मागे उरतो तो बिनवासाचा, बिनरंगाचा वायू. बंद खोलीत ठेवलेली कोळशाची शेगडी असो, गॅरेजात चालू ठेवलेला जनरेटर असो किंवा पाखरांच्या घरट्याने तुंबलेले धुराडे असो, घडते सगळीकडे हेच. निळ्या ज्योतीऐवजी पिवळी ज्योत किंवा आसपास धरलेली काजळी ही खूण आहे खरी. पण खूण नसली म्हणून घर सुरक्षित ठरत नाही.

म्हणून माझी मागणी अलार्मची आहे. जिथे जिथे घरात काहीही जळते, तिथे तो कायद्याने बसवलेला असावा. भाड्याच्या घरात ती जबाबदारी घरमालकाची असावी, कारण गिझर आणि पाइप कुठे बसवायचा हे भाडेकरू ठरवत नाही. इंग्लंडने 2015 मध्ये खाजगी भाड्याच्या घरांसाठी हा नियम केला, पण फक्त कोळसा, लाकूड यांसारख्या घन इंधनापुरता. गॅसचे बॉयलर त्यात यायला ऑक्टोबर 2022 उजाडले आणि स्वयंपाकाची गॅस शेगडी तेव्हाही बाहेरच राहिली. आपण ती सात वर्षे घालवू नयेत. पहिल्याच मसुद्यात गॅस धरा.

नियमात प्रमाणित अलार्मच हवा, असे स्पष्ट लिहा. धुराचा अलार्म हा वायू ओळखत नाही, आणि बरेच लोक तो एक बसवून निश्चिंत होतात. युरोपीय मानकानुसार हवेच्या दहा लाख भागांत हा वायू 50 भाग असेल तर अलार्म 60 ते 90 मिनिटांत वाजतो आणि 300 भाग असेल तर 3 मिनिटांच्या आत. म्हणजे क्षणभराच्या किरकोळ धुराने तो उगाच ओरडत नाही, आणि म्हणूनच वाजला तर लोकांनी बॅटरी काढून न ठेवता घराबाहेर पडायला हवे. झोपायच्या खोलीजवळ तो असलाच पाहिजे. सेन्सरचे आयुष्य संपते, तेव्हा बदलण्याची तारीख त्यावर ठळक छापलेली असावी. आणि गिझर बसवणाऱ्याने धूर बाहेर जातो की नाही हे तपासून सही केल्याशिवाय काम पूर्ण धरू नये.

शेवटची गोष्ट आरोग्यमंत्र्यांशी बोलून करावी लागेल, पण पुढाकार आपण घ्या. एकाच घरातले दोघे-तिघे एकाच वेळी डोकेदुखी आणि उलट्या घेऊन आले, तर "घराबाहेर पडल्यावर बरं वाटतं का?" हा प्रश्न तपासणीच्या कागदावर छापलेलाच असावा. उत्तर "हो" आले, तर ते घर कुणीतरी जाऊन तपासेपर्यंत त्या कुटुंबाला तिथे परत पाठवू नये. त्या रात्री हा प्रश्न मी विचारला नाही. आमच्या कागदावर तो नव्हता आणि माझ्या मनातही आला नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका