मुग्धास, गावात जाण्यापूर्वी

चि. मुग्धास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस की सर्वेक्षणातला तो मुलगा काम सोडून गेला, आता उरलेली गावं तू एकटीच करणार. मी नको म्हटलं आणि तू फोन ठेवलास. त्या विषयावर या पत्रात एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवलंय. तुझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण वाचून झालं, त्याबद्दल लिहिते.

प्रकरण चांगलं उतरलंय. अलीकडे बार्शीची गावं, इंग्रजी मुलखातली, साऱ्याची आकारणी थेट शेतकऱ्याच्या नावावर. पलीकडे परंडा-भूमची निजामाची गावं, काही दिवाणी, म्हणजे थेट निजाम सरकारची, काही जहागिरीतली. पाऊस तोच, माती तीच, सोयरीकही एकमेकांत, मधे फक्त राज्याची हद्द. निजामाचं राज्य 1948 ला गेलं, 1956 ला दोन्ही बाजू एका राज्यात आल्या, तरी शाळा, विहिरी आणि कर्ज यांत त्या हद्दीचा वण अजून सापडतो का, हा तुझा प्रश्न. नाना असते तर ही पानं त्यांनी आळीभर वाचून दाखवली असती. मी वाचून दाखवली फक्त शालूआत्याला. तिला आकडेवारीतलं ते रिग्रेशन कळलं नाही, पण तुझं नाव छापलेलं बघून तिने चष्मा पुसला.

तू पाठवलेले दोन्ही निबंधही वाचले. बॅनर्जी आणि अय्यर यांचा 2005 चा मला सरळ पटला. जमीनदारी असलेले जिल्हे स्वातंत्र्यानंतरही शेतीतल्या गुंतवणुकीत आणि उत्पादनात मागे राहिले, तर ते का, हे महसूल खात्यातल्या नोकरीत रोज दिसायचं. पण लक्ष्मी अय्यर यांचा 2010 चा निबंध वाचून झोप उडाली. थेट इंग्रजी अमलाखालच्या मुलखात पुढे शाळा, दवाखाने, रस्ते संस्थानी मुलखापेक्षा कमी निघाले. आणि हे तपासायला आधार कशाचा, तर डलहौसीच्या खालसा धोरणाचा, कुठल्या राजाला औरस वारस नव्हता याचा. साताऱ्याचं राज्य 1848 ला तसंच गेलं. वारस नोंदी करण्यात माझी नोकरी सरली. एका वारसावरून अख्ख्या मुलखाचं पुढचं ठरू शकतं, हे मला कुणी पटवून द्यायला नको. तू मात्र हा निबंध तळटीपेत ढकललायस. तो तुझ्या अंदाजाच्या विरुद्ध जातो म्हणून का? तसं असेल तर वर आण त्याला, मुख्य मजकुरात, आणि तिथे भांड त्याच्याशी. तुझ्यात ती धमक आहे.

दुसरं, तुझ्या प्रकरणात इंग्रजांच्या जमीन मोजणीतला विंगेट आहे, त्याच्या आधीचा प्रिंगल नाही. मला प्रिंगल हवा होता. 1828 च्या सुमारास त्या तरुण अधिकाऱ्याने अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत हाताशी धरून जमिनीचं निव्वळ उत्पन्न काढलं आणि त्यावर सारा बसवला. हिशेब इतका बारीक की आजही कौतुक वाटतं. पण शेत मोजणारी आणि जमिनीची प्रत लिहिणारी खालची माणसं कुणाकडून काय घेऊन काय लिहीत होती, ते त्या हिशेबात कसं येणार? सारा झेपेना, इंदापुरात लोक शेतं टाकून गेले, आणि 1835-36 पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांना सगळं नव्याने करावं लागलं. मुग्धा, तूही खालच्याच माणसांनी लिहिलेल्या नोंदींवर उभी आहेस. त्या माणसांत मीही होते.

तुझा जमिनीच्या मालकीचा रकाना सातबारावरून येणार. तर एक सांगते. मी मंडळ अधिकारी असताना एक बाई भावाबरोबर आली. वडील वारलेले, हक्कसोडाचा फेरफार होता, म्हणजे बहिणीने आपला वाटा सोडल्याची नोंद. तिची पिशवीसुद्धा भावाने धरलेली. मी विचारलं, कागद वाचलात का? उत्तर भावाने दिलं. मी त्याला बाहेर बसवलं आणि पुन्हा विचारलं. बाई अंगठ्याची शाई पदराला पुसत म्हणाली, "वाचून काय करू ताई, माहेर राहिलं पाहिजे." हरकतीची 15 दिवसांची मुदत गेली, हरकत आली नाही, फेरफार मंजूर झाला. कायद्यात त्याहून वेगळं काही करायला जागा नव्हती. 2005 च्या दुरुस्तीने मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला, आणि तरी त्या गावचे सातबारे चाळले तर बाईचं नाव शोधावं लागेल. तुझ्या तक्त्यात ते शेत फक्त "मालक पुरुष" म्हणून येईल. कायदा हद्दीच्या दोन्ही बाजूंना एकच आहे, म्हणून तू लिहिशील की फरक नाही.

कुळांचंही तसंच झालं. 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन, त्या दिवसापासून कूळ जमिनीचा मालक मानला जाणार. पण त्याआधीच कितीतरी कुळांनी जमिनी "राजीखुशीने" सोडल्याच्या नोंदी आहेत. दांडेकर आणि खुदानपूर यांनी मुंबई कूळ कायद्याची पाहणी केली, 1957 चा तो अहवाल गोखले इन्स्टिट्यूटचा आहे. तो आधी वाच. कागदावरची राजीखुशी गावात जाऊन तपासली की काय निघतं, ते तुला त्यात दिसेल. पलीकडच्या बाजूला 1949 ला जहागिरी गेल्या आणि 1950 ला हैदराबादचा वेगळा कूळ कायदा आला. तिथे 1954-55 चं खासरा पत्रक, जमिनीची गटवार जुनी नोंद, बघितल्याशिवाय एकाही गावाबद्दल वाक्य लिहू नकोस.

माझं म्हणणं एवढंच आहे की मालक कोण हे मोजण्यापेक्षा कुठल्या गावात बहिणी हक्क सोडत नाहीत ते मोज. गाव नमुना सहामध्ये, फेरफाराच्या वहीत, ते सरळ मोजता येतं. कायदा एक असताना एका गावात बहीण "नाही" म्हणू शकते आणि शेजारच्या गावात म्हणू शकत नाही, हे जिथे दिसेल तिथे तुझी ती "संस्था" आहे, तुम्ही अर्थशास्त्रवाले लोकांच्या वागण्याच्या रुळलेल्या नियमांना म्हणता ती. जुन्या हद्दीशी त्याचा मेळ बसतो का बघ. बसला तर तो शोध तुझा स्वतःचा असेल.

पण हे विचारायला एकटी जाऊ नकोस.

लिहायचं नव्हतं, आलंच. हे काही बायकांनी घरात बसावं म्हणून नाही. मी स्वतः एसटीने वाड्यावस्त्या फिरले. फरक असा की माझ्या मागे कोतवाल असायचा आणि हातात सरकारी दप्तर. तुझ्या हातात टॅब असेल. त्यात सप्टेंबर 2023 ला कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती नेमली गेली, तेव्हापासून मराठवाड्यात निजामकाळातल्या वहीचं एक पान म्हणजे घरातल्या पोराचं कॉलेज आणि नोकरी. अशात अनोळखी मुलगी दारात येऊन विचारते, तुमच्या आजोबांकडे जमीन किती, ती कुणाकडून आली? समोरच्याला वाटणार भावकीने पाठवलीय, नाहीतर भूसंपादनवाल्यांची आहे. जमिनीवरून सख्खे भाऊ कुऱ्हाड काढतात. तात्यांच्या विहिरीचं तुझ्यासमोरच झालं ना?

व्याख्यान झालं, माफ कर. तू लहान असताना खरीप पाहणीच्या दिवसांत मी तुला चावडीत घेऊन यायची. टेबलाखाली बसून तू कोऱ्या पीकपेऱ्याच्या फॉर्मवर घरं काढायचीस, आणि प्रत्येक घराला नंबर द्यायचीस. कोतवालाने विचारलं, हे काय गं? तर म्हणालीस, गावठाण. तो पुढे कितीतरी दिवस तुला तहसीलदारीणबाई म्हणत होता. आता पीक पाहणी शेतकरी मोबाइलवरच करतो, 2021 पासून, आणि चावडीत तेवढी वर्दळही नसते म्हणे. तुला हे सगळं का आवडतं असं तुझ्या गाइडनी विचारलं होतं ना, त्यांना हे सांगितलंस की नाही?

बरं. आधी तहसीलमध्ये जा, विद्यापीठाचं पत्र दे, पोहोच घे. गावात पहिल्या दिवशी जमिनीचा प्रश्नच काढू नकोस, शाळेचा काढ, पाण्याचा काढ. कुणाच्या घरातल्या कागदाचा फोटो काढू नकोस, दिला तरी. दोन भाऊ एकत्र बसले असतील तर प्रश्नावली मिटव आणि चहा घेऊन उठ. बायकांशी बोलायचं तर दुपारी, घरातले पुरुष रानात असताना. अंधार पडायच्या आत बार्शीला परत. हे मी सगळं तुझ्या भल्यासाठी लिहितेय असं म्हणणार नाही, मला झोप लागावी म्हणूनही लिहितेय.

हक्कसोडाबद्दल काय काय विचारता येईल ते वेगळ्या कागदावर काढलंय, त्याचा फोटो पाठवते. त्यातला चौथा प्रश्न तुझ्या प्रश्नावलीत बसत नसेल तर तुझा बदल, तो गाळू नकोस. आणि बरोबर कोण येणार, त्याचं किंवा तिचं नाव आणि नंबर मला रविवारपर्यंत हवा.

तुझी,
आई