आई-बाबा, त्या ब्राझिलियन सिनेमाला पुन्हा बसा

तीर्थरूप आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, ‘ब्लॅक गॉड, व्हाइट डेव्हिल’ अर्ध्या तासात बंद केलात म्हणे. कोण कुणाच्या बाजूचा ते कळेना आणि सबटायटल दिसेना, ही तुमची तक्रार रास्त आहे. आधी सबटायटलचं निस्तरू.

हे चित्र मुळातच पांढरंफटक आहे. सेर्ताओ म्हणजे ईशान्य ब्राझीलचा दुष्काळी पट्टा. तिथलं ऊन कॅमेरामन वाल्देमार लिमाने कुठेही मऊ केलेलं नाही. आभाळ आणि जमीन, दोन्ही भाजून निघालेली. त्यावर पांढरी अक्षरं टिकणार कशी? लॅपटॉपवर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरच्या सेटिंगमध्ये सबटायटलचा रंग पिवळा आणि कड काळी, जाड करा, मग प्लेअर बंद करून पुन्हा उघडा. अक्षरं संवादाच्या मागून येत असतील तर ‘जी’ दाबा, आधी येत असतील तर ‘एच’. पण हा फरक हळूहळू वाढत गेला, तर बटणं दाबत बसू नका. ती फाइल वेगळ्या गतीच्या प्रिंटसाठी केलेली असते. सेकंदाला 24 आणि 25 चित्रं एवढ्याशा तफावतीने तासाभरात अडीच मिनिटांचा घोळ होतो. टीव्हीवर चित्र ताणूही नका. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या असायलाच हव्यात.

आता कोण कुणाचा ते. सुरुवातीचा गुरांचा हिशेब निसटला की पुढचं सगळं वेडगळ वाटतं. मानुएल हा गुराखी, गुरं कर्नल मोराइसची. हा कर्नल फौजेतला नाही, तिकडे बड्या जमीनदारालाच कर्नल म्हणतात. त्या भागातला जुना रिवाज असा, की गुराख्याला पगार नाही. जन्मलेल्या चार वासरांमागे एक त्याचं. आपल्याकडे शेळी अर्धेलीने देतात त्यातलाच प्रकार, फक्त वाटा निम्म्याहून निम्मा. वाटणीच्या दिवशी मानुएल सांगतो, वाटेत काही गाई साप चावून मेल्या. कर्नल म्हणतो, मेल्या त्या तुझ्या, जिवंत त्या माझ्या. वर चाबूक. मानुएल कोयता चालवतो, कर्नलची माणसं त्याच्या आईला मारतात, आणि नवरा-बायकोला पळावं लागतं. साधू आणि दरोडेखोर, दोघांकडेही तो जातो तो या एका हिशेबापायी.

आई, त्याआधीचा पीठ करण्याचा प्रसंग तुझ्यासाठी. तो कंद म्हणजे कसावा, ज्याच्यापासून आपला साबुदाणा होतो तोच. त्यात विषारी रस असतो, म्हणून सोलायचा, किसायचा, दाबून रस काढायचा, चाळायचा आणि मग भाजायचा. दिग्दर्शक ग्लाउबर रोशाने ते कष्ट घाई न करता दाखवलेत. मानुएलची बायको रोझा तोंडातून शब्द काढत नाही. पुढे साधू सेबास्तियाओ लोकांना एका बेटाचं वचन देतो, जिथे दगडाची भाकरी होईल आणि धुळीचं पीठ. रोझाचा चेहरा तेव्हा बघ. पीठ कसं होतं हे तिला ठाऊक आहे.

मोंते सांतोचा डोंगर खराच आहे, बाहिया राज्यात, वर जाणारी दगडी वाटही खरी. मानुएल डोक्यावर धोंडा घेऊन गुडघ्यांवर ती चढतो. हा प्रसंग अंगावर येईपर्यंत लांबवलाय, पुढे ढकलू नका. याच्या मागे कानुदोसची आठवण आहे. आंतोनियो कोन्सेल्येरो या साधूने वसवलेली ती वस्ती सैन्याने 1897 मध्ये पार उद्ध्वस्त केली. पण आई, याच भागात तान्ह्या बाळाचा बळी आहे. उघडं काही दाखवलेलं नाही, तरी त्रास होतो. हवं तर तेवढा वेळ उठून जा, पण लगेच परत ये, कारण सेबास्तियाओला मारते ती रोझा.

बाहेर तेव्हाच आंतोनियो दास मोर्तेस साधूच्या भक्तांवर गोळीबार करत असतो. लांब कोट, रुंद टोपी, दरोडेखोर मारण्याचा धंदा. त्याला पैसे देतो तो पाद्री आणि जमीनदार. सिनेमाचं नाव देव आणि सैतानाचं, सुपारी मात्र माणसांची.

मध्यंतर इथेच घ्या. उत्तरार्धात आंधळा गायक मानुएल-रोझाला दरोडेखोर कोरिस्कोकडे नेतो. त्याची गिटारवरची गाणी शाहिराच्या पोवाड्यासारखी ऐका, कथा तीच पुढे नेतात. कोरिस्को खरा होऊन गेला. दरोडेखोरांचा नायक लांपियाओ 28 जुलै 1938 ला मारला गेला, कोरिस्को 1940 मध्ये. बाबा, तुम्हाला नाटकाची आवड, म्हणून सांगते: ओथोन बास्तोस हा एकच नट कोरिस्कोही करतो आणि त्याच्या अंगात आलेला लांपियाओही. वेशांतर नाही, ट्रिक नाही. तो नुसता वळतो आणि आवाज बदलतो. हे मला डोंगरावरच्या कत्तलीपेक्षा मोठं वाटतं. कत्तलीवर रशियन दिग्दर्शक आयझेनस्टाइनची छाप जरा जास्तच आहे. लग्नघरावरचा हल्ला मात्र क्रूर आहे, तयारीने बसा.

ग्लाउबर रोशा तेव्हा पंचविशीचा. सिनेमा 1964 मध्ये कान महोत्सवात गेला, त्याच वर्षी ब्राझीलमध्ये लष्कराने सत्ता घेतली. 2022 मध्ये कानला दाखवलेली दुरुस्त केलेली प्रत मिळाली तर तीच बघा.

शेवटी दोघं धावत सुटतात. रोझा पडते, मानुएल थांबत नाही. मग एकदम समुद्र. तो धावत तिथे पोचताना दिसत नाही, नुसता कट आहे. काही राहून गेलं असं वाटून मागे नेऊ नका.

पेनड्राइव्हमध्ये दुसरी सबटायटल फाइल टाकली आहे. तिचं नाव सिनेमाच्या फाइलच्या नावाशी अक्षरशः जुळलं पाहिजे, म्हणून बदलू नका.

तुमची,
लेक